झाडं आण, पण सगळी नको

हे बघ, आधी सगळ्या कुंड्या खोक्यांत भरायला घेऊ नकोस. भावोजींची कुन्नूरजवळच्या वेलिंग्टनची नोकरी संपली, क्वार्टर सोडायचंय, मुलांचे शाळेचे दाखले, गॅसचं कनेक्शन, आणि त्यात तुझी सोळा बोन्साय. तुझा जीव दडपलाय हे आवाजावरूनच कळलं मला. पण ज्या हातांनी दहा वर्षं ती जगवली, त्याच हातांनी इथे नाटे गावातही जगतील. फक्त सगळी नाही गं.

खरं सांगू का, जुनिपर आणि पाइन तिथेच कुणा जीव लावणाऱ्याला देऊन ये. मी महाबळेश्वराहून इथे आले तेव्हा माझं जुनिपर मांडीवर घेऊन आले होते. दोन महिने ते हिरवंगार दिसत होतं, मी रोज पाणी घालत होते. मग एके दिवशी डहाळी वाकवली आणि ती काडकन मोडली. झाड केव्हाच गेलेलं होतं. जुनिपर मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवं राहतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. या झाडांना हिवाळ्यात गारठ्याची झोप लागते बघ. तुझं कुन्नूर 1,800 मीटरच्या वर, तिथे ती मिळते. इथे पौषातही पहाटे एक गोधडी पुरते. मग तगलंच तरी दरवर्षी झाड थोडं थोडं खंगत जातं आणि आपण खत बदलत बसतो.

वड, पिंपळ, नांदरूक, चिंच, बोगनवेल मात्र बिनघोर आण. चायनीज एल्मही आण, तो चालवून घेतो. जेड आणलंस तर पावसाळाभर छपराखालीच ठेव. वडाची तर काळजीच करू नकोस. इथल्या यशवंतगडाच्या तटात मूळ धरून उभी राहणारी ही जात, तिला हे हवामान माहेरचंच.

निघायचं ते दिवाळी झाल्यावर. वैशाखात आणलीस तर उन्हाने भाजतील, जूनमध्ये आणलीस तर कुजतील. आल्यावर महिनाभर मांडवाच्या सावलीत ठेव, मग हळूहळू सकाळचं ऊन दे. पानं गळली तर घाबरू नकोस, वडाच्या जातीची झाडं जागा बदलली की पानं टाकतात. आणि लगेच कुंडी बदलायची घाई नको. प्रवासाने दमलेल्या झाडाच्या मुळांना कात्री लावायची नसते.

पण मे महिन्याच्या शेवटाला ती माती बदलावीच लागेल, हे मनाशी धरून ठेव. तिथली ओल धरणारी माती आपल्या पावसात चिखल होते. इथे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो गं! मी चिरेखाणीवरून जांभ्याचा चुरा आणते, चाळून धूळ काढून टाकते, ज्वारी-तुरीएवढे दाणे ठेवते. त्यात थोडे विटांचे तुकडे आणि मूठभर कुजलेलं शेणखत. पाणी वरून घातलं की खालून लगेच निघालं पाहिजे. आणि पागोळीखाली कुंडी कधीच ठेवू नकोस. पावसाचं पाणी चांगलं म्हणून पहिल्या वर्षी मी ओळीने तिथेच मांडल्या होत्या. त्या धारेने माती उकरून मुळं उघडी पडली आणि दोन चिंचा गेल्या. अजून चुटपुट लागते.

तारेकडेही लक्ष दे बघ. तिथे सहा महिने राहणारी तार इथे दीड-दोन महिन्यांतच सालीत रुतते, कारण इथे झाड झपाट्याने वाढतं. दर आठवड्याला बोट फिरवून बघ आणि पावसाआधी सगळ्या तारा कापून काढ. उलगडत बसू नकोस, फांदी मोडते.

खाडीकडच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला की समज. आमच्या वरच्या विहिरीचं पाणी गोड आहे, तिथलं नेत जा, विचारायचंही नाही. कुंड्या समुद्राच्या वाऱ्याला उघड्या ठेवू नकोस, घराच्या पूर्वेला बरं. वानरांसाठी वर जाळी लागेल.

निघायच्या आदल्या दिवशी भरपूर पाणी घाल, माती ओल्या गोणपाटाने बांध. टेम्पोवाल्याला सांग, ताडपत्री गच्च आवळू नको, आत भट्टी होते. जमलं तर रात्रीचा प्रवास करा. मी चिऱ्यांचा ओटा घालून ठेवते सावलीत. राजापूरला पोचलात की फोन कर, भात टाकते.