‘टीएनडी’ हा हृदयाचा दाखला नव्हे

व्हायरल लोडच्या रिपोर्टवर ‘टीएनडी’ लिहून आलं की पेढे वाटावेसे वाटतात. टार्गेट नॉट डिटेक्टेड, म्हणजे रक्तात एचआयव्हीचा विषाणू शोधूनही सापडत नाही. अमरावतीच्या एआरटी सेंटरवरून वर्षानुवर्षं मी हाच शेरा घेऊन वलगावला परतत आले. सुरुवातीला नेव्हिरॅपिन, मग रात्री भोवळ आणणारी एफाविरेंझ, आता डॉल्युटेग्रॅविर असलेली टीएलडी. गोळी कधी चुकली नाही. त्यामुळं मी ठणठणीत आहे, असंच घरचे धरून चालले होते.

कापूस वेचणीच्या दिवसांत गाठोडं घेऊन धुऱ्यावर आले की दम लागायचा. खांद्यांच्या मधोमध दुखायचं नि ते दुखणं जबड्यात चढायचं. छातीत कळ नव्हतीच. बायकांत पुष्कळदा असंच होतं. एका खासगी डॉक्टरांनी ॲसिडिटी ठरवली, पातळ औषध दिलं, ईसीजी काढला नाही. त्या औषधातलं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम डॉल्युटेग्रॅविर अंगी लागू देत नाही. गोळी अशा औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायची असते, हे सेंटरच्या सिस्टरनं नंतर सांगितलं. दुखणं हृदयाचं, उपचार पोटावर, आणि मार बसतो तो एचआयव्हीच्या गोळीला! पुढं एका पहाटे दरदरून घाम फुटला. 108 च्या गाडीनं अमरावती गाठली, स्टेंट बसला. महात्मा फुले योजनेत बसलं म्हणून वावर वाचलं.

विषाणू दबला तरी शरीरातली धुसफूस पुरती थांबत नाही. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला बारीक सूज राहते आणि तिथं चरबी लवकर साचते. म्हणून आपल्याला हृदयविकाराचा धोका इतरांच्या दीडपट ते दुप्पट धरतात. त्यात काही औषधांनी कोलेस्टेरॉल चढतं, काहींनी वजन. आणि आपल्याकडचा खर्रा! ‘मी कुठं बिडी ओढतो’ म्हणणारे दिवसभर तंबाखू दाढेत धरून असतात. तंबाखू चघळली तरी ती हृदयाला सोडत नाही.

2023 मध्ये एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला, रिप्रीव्ह नावाचा. 12 देशांतले 7,769 एचआयव्हीग्रस्त त्यात होते, भारतातलेही. वय 40 ते 75, हृदयविकाराचा धोका फार नसलेले. रोज पिटाव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी घेणाऱ्यांत हार्ट अटॅक, लकवा अशा घटना सुमारे 35 टक्क्यांनी कमी झाल्या. चाळिशी ओलांडली असेल तर ‘मला स्टॅटिन हवं का?’ असं डॉक्टरांना विचाराच. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं मात्र आणू नका. एचआयव्हीच्या औषधांत रिटोनाव्हिर चालू असेल तर सिम्व्हास्टॅटिन चालतच नाही. शुगरवाल्यांची मेटफॉर्मिनही डॉल्युटेग्रॅविरसोबत सहसा दिवसाला 1,000 मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. यासाठी कोणत्याही डॉक्टरपुढं गोळ्यांची नावं ठेवावी लागतात.

इथंच गाडं अडतं. गावात सगळे एकमेकांना ओळखतात, सांगायचं कसं? एचआयव्हीबद्दलचा 2017 चा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्यानुसार दवाखान्यात भेदभाव करायला मनाई आहे आणि तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. तरी जीभ रेटत नसेल तर निदान गोळ्यांची बाटली दाखवा. शंका असेल तर 1097 वर फुकट विचारता येतं.

बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, या तिन्ही गोष्टी वर्षातून एकदा तरी मागून तपासून घ्या. बीपी सरकारी दवाखान्यात फुकट मोजतात. जेवणात ठेचा-भाकर राहू द्या, पापड-लोणच्याचं मीठ तेवढं आवरा. आणि कामाच्या वेळी दम लागत असेल, जबडा किंवा पाठ दुखत असेल नि खाली बसल्यावर ते थांबत असेल, तर आधी ईसीजी मागा, ॲसिडिटीचं नंतर बघू. बसूनही थांबत नसेल तर घरगुती उपाय करत बसू नका, 108 ला फोन लावा.

सेंटरवरच्या ताई-दादांनाही एक विनंती आहे. वजनकाट्यावर उभं करता, तसा दर खेपेला बीपीचा पट्टाही दंडाला बांधा.