जुन्या ध्वनिवर्धकातील नको असलेला आवाज : कारणे व शोध

उधना–जळगाव लोहमार्गावरील चलथाण हे सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातील गाव सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखले जाते. दक्षिण गुजरातच्या ऊसपट्ट्यात तोडणीच्या हंगामासाठी धुळे-नंदुरबारकडील कुटुंबे जात असल्याने खानदेशाचे या भागाशी जुने नाते आहे. कारखान्यांच्या मोटारी, यंत्रमाग, वेल्डिंगची यंत्रे आणि लोहमार्गावरील २५,००० व्होल्टची वीजवाहिनी अशा परिसरात जुना, दुरुस्त केलेला व्हॉल्वचा ध्वनिवर्धक चालविणे ही त्या यंत्राची कसोटीच होय. म्हणून हे गाव उदाहरणादाखल घेतले आहे. पुढील विवेचन मात्र कोणत्याही गावच्या शाळेस वा ग्रामपंचायतीस लागू पडेल.

मायक्रोफोनकडून येणारा विद्युत्संदेश अत्यंत क्षीण, साधारण एक मिलिव्होल्टच्या आसपास असतो. मायक्रोफोनच्या पहिल्या टप्प्यात तो अनेक पटींनी वाढविला जातो, आणि त्याच्याबरोबर तेथे शिरलेला प्रत्येक दोषही तितक्याच पटींनी वाढतो. म्हणूनच शेवटच्या टप्प्यात क्षम्य ठरणारी चूक पहिल्या टप्प्यात असह्य होते. थोडीशी फुसफुस मात्र निसर्गनियमानेच राहणार. रेझिस्टरमधील उष्णतेमुळे सूक्ष्म विद्युत्‌क्षोभ निर्माण होतो, हे जॉन्सन व नायक्विस्ट यांनी १९२८ साली दाखवून दिले. २०० ओहमच्या मायक्रोफोनचा असा क्षोभ संपूर्ण श्राव्य पट्ट्यात सुमारे पाव मायक्रोव्होल्ट भरतो. तो कोणत्याही दुरुस्तीने नाहीसा होत नाही.

दोष शोधताना भाग बदलण्याची घाई करू नये. एकदम दहा कंडेन्सर बदलल्यास मूळ दोष कोणता होता ते कळत नाही, आणि नवा दोष आत येण्याची भीती असते. प्रथम आवाजनियंत्रक शून्यावर आणावा. तरीही गुणगुण राहिली तर दोष नियंत्रकाच्या पुढील टप्प्यात किंवा वीजपुरवठ्यात आहे. नियंत्रक वाढविताच ती वाढली तर दोष मागे, म्हणजे मायक्रोफोनच्या टप्प्यात आहे. मग मायक्रोफोन काढून आगमद्वार लघुबंधित करावे. आवाज थांबला तर वायर किंवा मायक्रोफोन दोषी. न थांबल्यास पहिल्या व्हॉल्वकडे वळावे. व्हॉल्वला पेन्सिलीने हलकेच टिचकी मारली असता घंटेसारखा नाद उमटला, तर तो बदलणेच बरे.

कानानेही पुष्कळ कळते. ५० आवर्तनांची खोल, गोल गुणगुण बहुधा तंतूच्या प्रत्यावर्ती ६.३ व्होल्ट पुरवठ्यातून किंवा जवळच्या मुख्य ट्रान्सफॉर्मरमधून येते. तंतूच्या वायरी पीळ देऊन चेसिसच्या कोपऱ्यातून न्याव्यात. आगम ट्रान्सफॉर्मर किंचित फिरवून पाहिल्यास गुणगुण कमी होणारी दिशा सापडते. १०० आवर्तनांची कर्कश घरघर ही पूर्णतरंग एकदिशकाची खूण असून, तिचे नेहमीचे कारण वाळलेला फिल्टर कंडेन्सर असतो. सतत फुसफुस येत असेल, तर पहिल्या व्हॉल्वच्या प्लेटवरील जुना कार्बन रेझिस्टर तपासावा. त्यातून विद्युत्प्रवाह जात असताना तो उष्णतेच्या क्षोभापेक्षाही अधिक गोंगाट करतो. त्या जागी धातुपटलाचा रेझिस्टर घातल्यास लक्षणीय फरक पडतो. नियंत्रक फिरविताना खरखर झाली, तर धूळ हे पहिले कारण समजावे. स्वच्छ करूनही ती टिकली, तर गळणाऱ्या जोडकंडेन्सरमधून नियंत्रकावर एकदिश दाब येत नाही ना, ते मोजावे.

दुरुस्तीनंतर अचानक गुणगुण का वाढते? जुने संच पुष्कळदा दोन पिनांच्या प्लगवर चालत. दुरुस्ती करताना तीन पिनांचा प्लग लावला जातो, आणि तसा तो लावलाच पाहिजे. परंतु त्याच संचाला अर्थिंग असलेले दुसरे यंत्र जोडल्यास दोन अर्थ-वायरी व सिग्नल-वायरीचे आवरण मिळून एक वलय तयार होते, आणि त्यातून वाहणारा प्रवाह संदेशात मिसळतो. अशा वेळी अर्थची पिन तोडण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नये. संचात २५० ते ३०० व्होल्टचा एकदिश दाब आणि मुख्य वीजही असते. निरोधन तुटले तर धातूचा पत्रा, मायक्रोफोनचा दांडा आणि बोलणारी व्यक्ती यांचा थेट संबंध येतो, आणि तो प्राणघातक ठरू शकतो. दोन्ही यंत्रे एकाच सॉकेटवरून चालवावीत, सिग्नल-मार्गात विलगक ट्रान्सफॉर्मर घालावा आणि चेसिसचे अर्थ-जोड एकाच बिंदूशी आणावेत. आत हात घालण्यापूर्वी प्लग काढून फिल्टर कंडेन्सर रेझिस्टरमधून रिकामे करावेत. वीज बंद केल्यावरही त्यांत दाब टिकून राहतो.

चलथाणसारख्या ठिकाणी बाहेरील क्षोभाचाही विचार करावा लागतो. जुन्या क्रिस्टल मायक्रोफोनचा अवरोध फार मोठा असल्याने त्याची वायर लांबली की ती अँटेनासारखी वागते. त्याऐवजी कमी अवरोधाचा मायक्रोफोन, दोन वाहकांची संतुलित वायर आणि आगम ट्रान्सफॉर्मर ठेवल्यास दोन्ही वाहकांवर सारखाच पडलेला क्षोभ एकमेकांस रद्द करतो. मायक्रोफोनची वायर वीजवाहिनीला समांतर नेऊ नये; ओलांडणे अटळ असल्यास काटकोनात ओलांडावी. शंका राहिल्यास तोच संच दुसऱ्या फीडरवरील जागी नेऊन वाजवून पाहावा. यंत्रमागाची सुट्टी पाहून रात्री तुलना करण्याची युक्ती येथे फसते, कारण गाळप हंगामात साखर कारखाना रात्रंदिवस चालूच असतो.