हिंसक व्हिडिओ खेळ आणि अल्पवयीन मुले : कायद्याची कक्षा

रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील लोटे हे गाव लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीमुळे सर्वपरिचित आहे. अशा गावांतही आता व्हिडिओ खेळ दुकानातून आणावा लागत नाही. तो मोबाइलवर उतरविता येतो. म्हणूनच अल्पवयीनांना हिंसक खेळ विकण्यावर कायद्याचे नियंत्रण असावे काय, हा प्रश्न केवळ शहरांचा राहिलेला नाही.

आपल्याकडे या विचाराची परंपरा जुनी आहे. तरुण व्यक्ती (अपायकारक प्रकाशने) अधिनियम, १९५६ अन्वये गुन्हे, हिंसा वा क्रौर्य यांचे चित्रण प्रामुख्याने असलेल्या आणि वीस वर्षांखालील व्यक्तीस बिघडवू शकणाऱ्या प्रकाशनांची विक्री दंडनीय ठरविण्यात आली. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा विहित करण्यात आल्या. तथापि, त्या अधिनियमाची व्याख्या पुस्तके, मासिके, वृत्तपत्रे व तत्सम प्रकाशनांची आहे; व्हिडिओ खेळ तेव्हा बाजारात आलेलेच नव्हते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २००५ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना हिंसक खेळ विकण्यास मनाई करून एक हजार डॉलरपर्यंत दंड ठेवला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सात विरुद्ध दोन अशा बहुमताने तो कायदा रद्द केला. पुस्तकांप्रमाणेच खेळांनाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे आणि त्यांमुळेच मुले आक्रमक होतात हे सिद्ध झालेले नाही, असे बहुमताचे मत होते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९(२) मध्ये मात्र सभ्यता, नीतिमत्ता व सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठी वाजवी निर्बंध घालण्यास स्पष्ट वाव आहे.

भारतात २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइलसह ११८ ॲपवर बंदी आली. तिचा आधार देशाची सुरक्षितता व सार्वभौमत्व हा होता. मुलांचे वय नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळविषयक कायद्याचा रोखही पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर आहे. हिंसा आणि वय यांचा मेळ घालणारी तरतूद यांपैकी कशातही नाही.

शिवाय विक्रेता परदेशी आणि मोबाइल पालकांच्या नावावर असेल, तर मनाईची अंमलबजावणी कोणावर करावयाची, ही अडचण उरतेच. यास्तव कायदा येईपर्यंत हातावर हात ठेवून बसणे योग्य नव्हे. खेळावर दर्शविलेली वयोमर्यादा पाहणे आणि मोबाइलमधील पालक-नियंत्रण सुरू करणे पालकांना शक्य आहे. शिक्षकांनी पालकसभेत आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत हा विषय मांडावा. मूल संकटात असल्यास १०९८ या हेल्पलाइनचे साहाय्य घेता येते. कायद्याची कक्षा जेथे संपते, तेथे गावाची जबाबदारी सुरू होते.