चेन थोडी सैलच बरी

पाचोऱ्यात मोटारसायकल नुसती फिरायला नसते. सकाळी दुधाची कॅन, दुपारी युरियाची गोणी, संध्याकाळी चाऱ्याचा भारा, आणि मध्येच भडगावला किंवा पिंपळगाव हरेश्वरला घरचं माणूस सोडून यायचं. या सगळ्याचा ताण येतो तो चेनीवर. वर्षानुवर्षं गाडी दामटून चेनीबद्दल जे कळलं, ते असं :

१. आवाज आला म्हणून लगेच आवळू नये. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीची चेन साधारण २० ते ३० मिलिमीटर खाली-वर हलली पाहिजे. नेमका आकडा गाडीसोबतच्या पुस्तकात असतो. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. चेनकव्हरचं रबरी बूच काढून चेनीच्या खालच्या पदराला मधोमध बोटाने उचलून पाहायचं. आमचे मिस्तरी म्हणतात, “भाऊ, तुणतुण्याची तार नाही ही, वाजेपर्यंत ताणायला!”

२. एका जागी पाहून भागत नाही. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. चाक थोडं थोडं फिरवत चार-पाच ठिकाणी बोट लावा. जिथे सर्वांत घट्ट लागेल, तिथलं माप धरा. सैल जागेवर माप घेऊन आवळलं, तर घट्ट जागा आल्यावर चेन करकरते.

३. माप रिकाम्या गाडीचं, धाव भरल्या गाडीची. डबलसीट आणि वर गोणी असली की मागचे शॉकअप दबतात. पुढचं स्प्रॉकेट, स्विंग आर्मचा बोल्ट आणि मागचा एक्सल एका रेषेकडे येऊ लागतात, तशी चेन आपोआप ताणली जाते. रिकाम्या गाडीवर सैल ठेवायची ती यासाठीच. तेवढी जागा नसेल तर गिअरबॉक्सच्या आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगवर भार येतो. चेनपेक्षा हे काम कितीतरी महागात पडतं.

४. दोन्ही बाजूंच्या खुणा जुळल्या पाहिजेत. एक्सलचा नट ढिला करून दोन्हीकडचे अ‍ॅडजस्टर सारखेच फिरवायचे. डावीकडे तिसरी रेघ तर उजवीकडेही तिसरीच. चाक तिरकं बसलं की गाडी एका अंगाला ओढते आणि स्प्रॉकेटचे दात एका बाजूने खाल्ले जातात. नट कसल्यावर माप पुन्हा बघा, कारण कसताना ते बदलतं.

५. चेन झाली की ब्रेक. चाक मागे सरकलं की ड्रम ब्रेकची दांडी ताणली जाते आणि ब्रेक चिकटून राहतो. हाताने चाक मोकळं फिरतं का, पेडल किती दाबल्यावर ब्रेक लागतो, हे पाहूनच रस्त्यावर या.

६. जळकं ऑइल फुकट मिळतं, पण स्वस्त पडत नाही. आपल्या काळ्या मातीचा धुरळा त्यावर बसतो आणि चेनीला पॉलिशपेपर घासल्यासारखं होतं. रॉकेलने चेन पुसून ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन स्प्रे मारा, जास्तीचं पुसून घ्या. पावसाळ्यात शेतरस्त्याने जाणं-येणं असेल तर हे लवकर लवकर करा. चेन पुसताना चाक हातानेच फिरवायचं. इंजिन चालू ठेवून फडकं लावणाऱ्याचं बोट जातं.

७. अ‍ॅडजस्टर शेवटच्या खुणेपर्यंत आला, की चेन संपली. एखादी कडी काढून दिवस ढकलू नका. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदम बदला. झिजलेले दात नव्या चेनीला लवकर खातात. लॉकची पट्टी बसवताना तिचं बंद तोंड चेन ज्या दिशेने पळते, तिकडे हवं.

८. बेल्टच्या गाडीला हे सगळे नियम लावू नका. अ‍ॅक्टिव्हासारख्या गिअरलेस स्कूटरचा बेल्ट आवळायचा नसतो, किलोमीटर भरले की बदलायचा असतो. एथरची इलेक्ट्रिक स्कूटर किंवा हार्ले-डेव्हिडसनच्या बहुतेक मोठ्या गाड्या दातेरी बेल्टवर चालतात. त्यांचा ताण ठरावीक जोर लावून मापाने बघतात, अंदाजाने नाही. आणि त्या बेल्टला तेलाचा थेंबही लावायचा नसतो.

कापसाचा हंगाम सुरू झाला की गाडीला आणि माणसाला उसंत नसते. त्याआधीच एका सकाळी चेन तपासून घ्या. पाना मारता येत नसेल तर मिस्तरीकडे न्या, पण माप होताना शेजारी उभे राहा आणि चाक पूर्ण फिरवून दाखवायला सांगा.