विमानसंदेशातील एक शब्द

वैमानिक आणि विमानतळावरील नियंत्रक यांना जोडणारा मुख्य दुवा म्हणजे रेडिओवरील संभाषण होय. एकमेकांचा चेहरा दिसत नाही आणि एका वेळी एकालाच बोलता येते. अशा स्थितीत एखादा शब्द सैलपणे वापरला गेल्यास काय घडते, हे २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर झालेल्या अपघातावरून ध्यानी येते.

शेजारच्या ग्रान कनारिया बेटावरील विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्यामुळे अनेक विमाने टेनेरिफकडे वळविण्यात आली होती. त्यांत हॉलंडच्या केएलएमचे आणि अमेरिकेच्या पॅन ॲमचे, अशी दोन बोइंग ७४७ विमाने होती. धुके दाट होते. नियंत्रकाला विमाने दिसत नव्हती, विमानांना परस्पर दिसत नव्हती. केएलएमचे विमान धावपट्टीच्या टोकाशी सज्ज होते. पॅन ॲमचे त्याच धावपट्टीवरून सरकत येत होते.

उड्डाणानंतर कोणत्या मार्गाने जावयाचे, एवढेच नियंत्रकाने केएलएमला कळविले. ही मार्गाची अनुज्ञा होती, उड्डाणाची नव्हे. परंतु तिच्या शब्दांत ‘टेकऑफ’ हा शब्द आला होता. सहवैमानिकाने ती परत म्हटली व अखेरीस ‘आम्ही आता टेकऑफला आहोत’ अशा अर्थाचे शब्द जोडले. विमान धावू लागले होते. नियंत्रकाची समजूत अशी, की ते उभेच आहे. तो ‘ओके’ म्हणाला, किंचित थांबला, आणि ‘थांबा, मी कळवीन’ असे सांगू लागला. नेमक्या त्याच क्षणी ‘आम्ही अजून धावपट्टीवर आहोत’ असा पॅन ॲमचा संदेश आला. दोन्ही वाक्ये एकाच लहरीवर एकमेकांवर आदळली व केएलएमच्या कक्षात शिट्टीसारख्या आवाजात झाकोळून गेली. स्पष्ट ऐकू आले ते केवळ ‘ओके’.

ते विमान अजून बाजूला झाले नाही काय, अशी शंका केएलएमच्या फ्लाइट इंजिनियरने काढलीही. कप्तानाने ती ठामपणे दूर सारली. हा कप्तान कंपनीचा ज्येष्ठ प्रशिक्षक होता. अशा माणसाला दुसऱ्यांदा टोकणे कनिष्ठाला जड जाते, आणि हे काही विमानातच घडते असे नाही. टक्करीत ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. वाचलेले ६१ जण पॅन ॲमचे होते.

यानंतर संदेशांची भाषा कसोशीने बांधण्यात आली. ‘टेकऑफ’ हा शब्द आता प्रत्यक्ष उड्डाणाची अनुज्ञा देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारावयाचा. एरवी ‘डिपार्चर’ म्हणावयाचे. महत्त्वाची सूचना वैमानिकाने परत म्हणावयाची आणि नियंत्रकाने ती कान देऊन तपासावयाची. नुसते ‘ओके’ चालत नाही.

भाषेच्या ज्ञानाचा प्रश्न मात्र उरला होता. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर दोन विमानांची आकाशात टक्कर होऊन ३४९ जण दगावले, तेव्हा नेमून दिलेल्या उंचीखाली उतरलेल्या कझाक विमानाच्या चालकदलाचे अपुरे इंग्रजीही चौकशीत पुढे आले. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने आंतरराष्ट्रीय उड्डाणांशी संबंधित वैमानिक व नियंत्रक यांच्यासाठी भाषेची किमान पातळी निश्चित केली. किमान पातळीवर उत्तीर्ण झालेल्यांची ठराविक मुदतीने पुन्हा परीक्षा घेतली जाते.