गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला नवा स्पीकर निवडताना

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने स्पीकरसारख्या विषयावर लिहावे हे काही वाचकांना खटकेल. पण या विषयाकडे मी वळलो तो हिशेबाच्या वहीतूनच. आपल्या संगीत मंडळाच्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्पीकर गेल्या स्नेहसंमेलनापासून खरखरतो आहे. नवा अ‍ॅम्प्लिफायरच घ्यावा असे काही जणांचे म्हणणे आहे, तर बाजारातून कोणताही स्पीकर आणून बसवावा असे इतरांचे. यांपैकी दुसऱ्या मार्गाने गेल्यास काय होते हे मी बडोद्यास स्वतः पाहिले आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

बडोद्याचा अनुभव

गेल्या नवरात्रात मी बडोद्यास मामांकडे होतो. सरकारी कागदांवर या शहराचे नाव वडोदरा असले तरी दांडिया बाजारातील मराठी घरांतून अजून 'बडोदे' हेच नाव ऐकू येते. गाव संगीताचे. महाराज सयाजीराव तिसरे यांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ साली तेथे संगीतशाळा सुरू केली. आज तिची परंपरा महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाची विद्याशाखा चालवीत आहे. नवरात्रात मोठ्या मैदानांवर हजारो लोक गरबा खेळतात, आणि गल्लीगल्लीत छोटा 'शेरी गरबा'ही होतो. अशाच एका शेरीत माझा मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, गिटार वाजवतो.

दुसऱ्या रात्री दादाच्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्पीकर बसला. अ‍ॅम्प्लिफायर ट्रान्झिस्टरचा, तीस वॅटचा. स्पीकर बारा इंची, आठ ओहमचा. शेरीतील मुलांनी वर्गणी काढली आणि "तू कॉमर्सचा, हिशेब तू ठेव" म्हणून पैसे माझ्या हाती दिले. दुकानात बारा इंची स्पीकर मागितला. दुकानदाराने मोटारीत बसवतात तो वूफर दाखवला. त्यावर मोठ्या अक्षरांत 'शंभर वॅट' लिहिलेले. तिसाच्या जागी शंभर मिळत आहेत, भोके जुळत आहेत, भावही बरा आहे, असा विचार करून मी पैसे मोजले.

त्या रात्री गिटारचा आवाज ढोलापुढे ऐकूच येईना. जो येत होता तो घोंगडी पांघरून बोलल्यासारखा. दादाने बटण शेवटपर्यंत फिरवले. अर्ध्या तासात अ‍ॅम्प्लिफायरची मागची बाजू हात लावू नये इतकी तापली आणि फ्यूज गेला. दुसऱ्या दिवशी एका वृद्ध मेकॅनिक काकांकडे गेलो. त्यांनी वूफर उलटा करून मागचा आकडा वाचला आणि विचारले, "चार ओहमचा कोणी आणायला सांगितला?" मला उत्तर देता आले नाही, कारण ओहमकडे मी पाहिलेच नव्हते. पुढील माहिती त्या दिवसापासून जमवलेली आहे.

स्पीकर म्हणजे काय

आज आपण वापरतो त्या प्रकारच्या स्पीकरचा पाया चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील दोन अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली घातला. रचना साधी आहे. मागे लोहचुंबक असते. त्याच्या अरुंद फटीत बारीक तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, लोंबकळत असते आणि ते कागदी शंकूला, म्हणजे कोनला, चिकटवलेले असते. अ‍ॅम्प्लिफायरचा प्रवाह कॉइलमधून वाहिला की ती चुंबकाच्या क्षेत्रात पुढेमागे हलते. तिच्याबरोबर कोन हलतो आणि हवा हलवतो. तोच आवाज.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. स्पीकरला दिलेल्या विजेपैकी फारच थोड्या विजेचा आवाज होतो. चांगल्या गिटार स्पीकरात शंभरातले पाच-सहा भाग, साध्या स्पीकरात एक भागही नाही. बाकी सारी उष्णता होते. कॉइल जळते ती या उष्णतेने.

पहिला प्रश्न : ओहम

ओहम म्हणजे स्पीकरने प्रवाहाला केलेला अडथळा. अडथळा निम्मा केला की तेवढ्याच दाबाखाली प्रवाह दुप्पट होतो. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरवर 'कमीत कमी आठ ओहम' असे लिहिले असेल तर त्याहून कमी ओहमचा स्पीकर जोडू नये. आमच्या अ‍ॅम्प्लिफायरला चार ओहमने तापवले ते याच कारणाने. जास्त ओहमचा जोडल्यास यंत्राला धोका नाही, फक्त शक्ती कमी मिळते. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचा नियम वेगळा. त्याच्या ट्रान्सफॉर्मरला जेवढे ओहम हवेत तेवढेच द्यावेत आणि स्पीकर न जोडता तो कधीही चालवू नये.

एकाहून अधिक स्पीकर असतील तर बेरीज करावी लागते. आठ ओहमचे दोन स्पीकर एकापुढे एक जोडले तर सोळा ओहम होतात. शेजारी शेजारी, म्हणजे समांतर जोडले तर चार. चार स्पीकरांच्या दोन जोड्या केल्या, प्रत्येक जोडीतले दोन एकापुढे एक आणि मग दोन्ही जोड्या समांतर, तर पुन्हा आठ. सगळे स्पीकर सारख्याच ओहमचे असावेत. आठ आणि सोळा ओहमचे दोन समांतर जोडले तर आठवाला दोन तृतीयांश शक्ती खातो आणि तोच आधी जळतो. मल्टिमीटर लावल्यास आठ ओहमचा स्पीकर सहा ते सात ओहम दाखवतो. त्यामुळे दुकानदार फसवतो आहे असे समजू नये. मीटर फक्त तारेचा रोध मोजतो.

दुसरा प्रश्न : वॅट

स्पीकरवरील वॅटचा आकडा म्हणजे आवाजाचे माप नव्हे. तो किती शक्ती सहन करील याची ती मर्यादा आहे. गोदामात शंभर पोती मावतात म्हणून शंभर पोत्यांचा धंदा होतो असे नाही, तसेच हे. गिटारवादक अ‍ॅम्प्लिफायर मुद्दाम ताणून आवाज फाडतात. अशा वेळी तीस वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर साठाच्या आसपासही शक्ती देऊ शकतो. म्हणून एकच स्पीकर असेल तर अ‍ॅम्प्लिफायरच्या सुमारे दुप्पट वॅटचा घ्यावा हा सुरक्षित नियम.

जुन्या काळी ही सूट नेहमी ठेवीत नसत. इंग्लंडच्या व्हॉक्स एसी-३० या तीस वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सेलेस्टियन कंपनीचे पंधरा वॅटचे दोन स्पीकर असत. मार्शलच्या शंभर वॅटच्या यंत्राखाली पंचवीस वॅटचे चार स्पीकर असलेली पेटीही वापरली जाई. बेरीज बरोबर जमते, पण शिल्लक शून्य.

तिसरा प्रश्न : डेसिबल

माझ्या मते खरेदीतला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आकडा हाच. एक वॅट शक्ती देऊन एक मीटर अंतरावर आवाज किती डेसिबल भरतो, हे स्पीकरच्या माहितीपत्रकात दिलेले असते. याला संवेदनक्षमता म्हणतात. वाणिज्याच्या भाषेत वॅट म्हणजे भांडवल गुंतवण्याची मर्यादा, तर डेसिबल म्हणजे त्या भांडवलावर मिळणारा परतावा.

डेसिबलचा हिशेब असा : शक्ती दुप्पट केली की तीन डेसिबल वाढतात, दहापट केली की दहा. आपल्या कानाला दहा डेसिबलांची वाढ ढोबळमानाने दुप्पट आवाजासारखी वाटते. आता उदाहरण घेऊ. एक गिटार स्पीकर ९८ डेसिबलचा आहे आणि एक मोटारीचा वूफर ८८ डेसिबलचा. दोघांनाही तीस वॅट दिले, तर तिसामुळे सुमारे १५ डेसिबल वाढतील. पहिला ११३ वर जाईल, दुसरा १०३ वर राहील. वूफरने पहिल्याची बरोबरी करायची तर त्याला तीस नव्हे, तीनशे वॅट द्यावे लागतील. चार ओहममुळे वूफरने थोडी अधिक शक्ती ओढली, तरी भरपाई दोन-तीन डेसिबलांपलीकडे जात नाही. शेरीतील गिटार ढोलाखाली का दबली याचे उत्तर या तीन ओळींच्या गणितात आहे.

यातून एक काटकसरीचा मार्गही दिसतो. ९७ डेसिबलचा स्पीकर काढून १०० डेसिबलचा बसवला तर तोच अ‍ॅम्प्लिफायर दुप्पट वॅटचा झाल्यासारखा वाजेल. मोठा अ‍ॅम्प्लिफायर घेण्यापूर्वी हा हिशेब जरूर करावा.

चौथा प्रश्न : कोणत्या कामासाठी बनवला आहे

गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ८२ असते. म्हणून गिटार स्पीकर साधारण ७०-८० पासून ५,००० कंपनांपर्यंतच काम करतो आणि दोन ते चार हजारांच्या पट्ट्यात जरा पुढे येऊन बोलतो. या उठावानेच गिटार इतर वाद्यांतून वेगळी ऐकू येते. मोटारीचा वूफर केवळ खालच्या सुरांसाठी असतो. घरगुती संगीतासाठीचा, वरचे सूर देणारा छोटा स्पीकर जोडलेला संच घेतला तर उलट अडचण होते : फाटलेल्या आवाजातील कर्कश टोके, जी गिटार स्पीकर आपोआप गाळतो, ती सारी कानावर येतात. थोडक्यात, गिटार स्पीकर हा नुसता आवाज पोचवणारा हमाल नाही, तो वाद्याचाच एक भाग आहे.

चुंबकाबद्दल दोन शब्द. अल्निको हा अ‍ॅल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट यांचा मिश्रधातू. झाईरच्या शाबा प्रांतातील १९७८ च्या लढाईनंतर कोबाल्ट कडाडला आणि अल्निकोवर विसंबलेले अनेक कारखानदार स्वस्त फेराइटकडे वळले. आफ्रिकेतील खाणीचा भाव आणि गिटारचा आवाज यांचा संबंध असा आहे. अल्निकोचा स्पीकर आजही महाग मिळतो, पण आपल्यासारख्यांनी फेराइट घेतल्यास काही बिघडत नाही. निओडिमियमचा स्पीकर वजनाला हलका असतो, तेव्हा पेटी सतत उचलावी लागत असेल तर त्याचा विचार करावा.

दुरुस्ती की खरेदी

मेकॅनिक काकांनी आमचा जुना स्पीकर मागवून घेतला. सांगाडा सरळ होता, चुंबक जागेवर होता. जळली होती ती फक्त कॉइल. त्यांनी जुना कोन कापून काढला, फट साफ केली, त्याच मापाची नवी कॉइल व नवा कोन बसवला आणि डिंक वाळेपर्यंत हात लावू दिला नाही. याला रिकोनिंग म्हणतात. खर्च वूफरच्या निम्म्याहून कमी आला. सहाव्या रात्री गिटार पुन्हा वाजली. पूर्वीचाच सूर हुबेहूब येईल असे नाही, कारण नव्या कागदाचा स्वभाव थोडा वेगळा असतो. पण शेरीत कोणाला फरक कळला नाही.

राहिला प्रश्न वूफरच्या पैशांचा. दुकानदाराने तो परत घेतला नाही. वर्गणीचा हिशेब लावताना ही रक्कम कोणत्या सदराखाली घालावी हे मला सुचेना. दादा म्हणाला, "शिकवणीची फी म्हणून लिही." मी तसेच लिहिले आणि सर्वांसमोर वाचूनही दाखवले. कोणी रागावले नाही, पण दुसऱ्यांच्या चार-चार रुपयांतून मी शिकलो ही बोच राहिली.

मंडळासाठी सूचना

आपल्या अ‍ॅम्प्लिफायरबाबत माझी सूचना अशी. प्रथम स्पीकर खोलून मीटरने तपासावा. मीटर सहा-सात ओहम दाखवीत असेल तर कॉइल शाबूत आहे. मग कोन बोटांनी अलगद आत दाबून पाहावा. घासल्याचा आवाज आला तर कॉइल फटीत तिरकी झाली आहे. न आला तर कोनला चीर आहे का, तार सुटली आहे का ते पाहावे. सांगाडा आणि चुंबक चांगला असेल तर रिकोनिंग करावे. नवाच घेणे भाग पडले तर ओहम, वॅट, डेसिबल व उपयोग हे चार आकडे-अक्षरे कागदावर लिहून मगच दुकानात जावे. भोकांचे अंतर आणि चुंबकाची खोलीही मोजून न्यावी, नाही तर पेटी बंद होणार नाही. दोन स्पीकर असतील तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून दोन्ही कोन एकाच दिशेने हलतात ना हे पाहावे. उलट हलले तर खर्जाचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात.

कन्नड विभागातील गिटारवादक मित्रांना या कामाचा माझ्याहून अधिक सराव आहे. स्पीकर खोलायच्या दिवशी त्यांनी हजर राहावे अशी विनंती आहे. मीटर मी आणीन, आणि हिशेबही ठेवीन. या खेपेस मात्र शिकवणीच्या फीचे सदर वहीत उघडावे लागू नये, एवढीच इच्छा.