शांति करणारे

डोंगरावरील प्रवचनांत ख्रिस्तानें शांति करणारांस धन्य म्हटलें आहे. परंतु युद्धकाळीं दार लावून स्वस्थ बसणें म्हणजे शांति करणें नव्हे.

फ्रान्सच्या डोंगराळ मुलखांत ल शांबों नांवाचें खेडें आहे. तेथें पाळक आंद्रे त्रोक्मे व एदुआर तेइस यांनीं १९३८ सालीं शाळा काढली. १९४० मध्यें फ्रान्सचा पाडाव झाला व यहुदी लोकांचा छळ सुरू झाला. तेव्हां ग्रामस्थांनीं हजारों निराश्रितांस आपल्या घरांत व शेतांवर आसरा दिला. ऑगस्ट १९४२ मध्यें सरकारचा मंत्री गांवीं आला असतां विद्यार्थ्यांनीं त्याच्या हातीं पत्र दिलें. आमच्यांत यहुदी सोबती आहेत, आम्ही भेद मानीत नाहीं, आणि त्यांस नेऊं लागल्यास आम्ही लपवूं, असा त्याचा आशय होता. १९४३ सालीं त्रोक्मे कांहीं आठवडे अटकेंत होते. त्यांचे नातलग दानिएल हे वसतिगृहांतील मुलांसह पकडले गेले, व १९४४ सालीं मायदानेकच्या छळछावणींत मरण पावले.

शस्त्र न उचलतां अन्यायास नकार देणें व त्याची झळ स्वतः सोसणें, हेंच शांतीचें कार्य होय. वर्गांत ज्याच्याशीं कोणी बोलत नाहीं, त्याच्या शेजारीं जाऊन बसा. हा धडा तेथूनच गिरवितां येईल.